ओढायचं कुणी

वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाकायचे म्हणून सृष्टीच्या सॅकची चेन उघडली आणि तो वास आला. वास म्हटलं की लोकांना वाटतं घामाचा असेल, नाहीतर ओल्या मोज्यांचा. तसला नव्हता. गोडसर, जड, घशात जाऊन बसणारा. मी चेन लावून टाकली. परत उघडली. काय मूर्खपणा, परत कशाला उघडायची? पण माणूस उघडतोच. आत तिची खाकी पँट होती, पूर्ण बाह्यांचा शर्ट होता आणि एक दोर होता. नायलॉनचा, हिरवा. घर बदलताना टेम्पोवर गाद्या बांधतात ना, तसला. दोराला केस चिकटले होते. पांढरे, आखूड. माणसाचे नव्हेत. गॅलरीत दादा बसले होते, पेपर डोळ्यांना लावून. खाली भाजीवाल्याचा भोंगा चालू होता, मेथी घ्या, कोथिंबीर घ्या. अशा वेळी बाईला काहीतरी वाटायला पाहिजे. भीती म्हणा, किळस म्हणा. मला हल्ली पटकन काही वाटत नाही. बोटांना मुंग्या येतात, पायाची करंगळी असून नसल्यासारखी आहे. डॉक्टर म्हणाले बी-ट्वेल्व्ह कमी झालंय, गोळ्या घ्या, अंडी खा. अंडी खाते. बोटं जरा सुधारली, बाकीचं काही सुधारलं नाही. तर मी तिथे उभी राहून एवढाच विचार केला, की हा वास गॅलरीपर्यंत जाता कामा नये. बाथरूमचं दार लावून घेतलं, बादलीत डेटॉल ओतलं, कपडे दाबून बुडवले, आणि दोर? दोराचं काय करायचं ते कळेना. शेवटी दुधाच्या पिशव्या साठवते त्या कॅरीबॅगमध्ये कोंबला आणि माळ्यावर टाकला.

दादा म्हणजे माझे वडील, मल्हारी. बाबा मी त्यांना कधी म्हटलंच नाही. आमच्या घरात बाबा एकच, भिंतीवरचे, निळ्या कोटातले. दादांनी ऐंशी ओलांडली. आई गेल्यापासून ते माझ्याकडे, सातपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहतात. माझे मिस्टर, धम्मपाल, एमआयडीसीत कामाला, जन्मभर शिफ्टच्या मागे. घरात ते पाहुण्यासारखे येतात आणि झोपतात. मी एका शाळेत क्लार्क. आणि सृष्टी, आमची एकुलती एक. दादांची नखं ती कापते, त्यांच्या मोबाइलमधलं भाषणांचं चॅनेल ती लावून देते, कानात थेंब तीच टाकते. मी टाकायला गेले की म्हणतात, तुझा हात जड हाय. असू दे. मुद्दा असा की त्या म्हाताऱ्याचा जीव कशात अडकलाय म्हणाल तर त्या पोरीत. आणि त्या पोरीच्या सॅकमध्ये मेलेल्या ढोराचा वास होता. हा वास जगात कुणाला ओळखू येणार नसला तरी दादांना येणार.

आमचं गाव दिंडोरीच्या पुढे. मी तिथे राहिलेली नाही, माझा जन्म ओझरचा, विमानाच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधला. पण गाव मला पाठ आहे, कारण दादा ते सांगत आलेत. गावात कुणाचं ढोर मेलं की आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन गडी लांबूनच हाळी द्यायचा. मग वस्तीवरच्यांनी जायचं, दावं बांधायचं, ओढत ओढत माळावर न्यायचं. दिवस असो, पाऊस असो, घरात कुणी आजारी असो. धम्म घेतल्यावर वस्ती एकत्र बसली आणि ठरलं, उद्यापासून ढोर ओढायचं नाही. झालं. गावानं पिठाची गिरणी बंद केली, विहीर बंद केली, शेतावरची कामं बंद केली. तेव्हा दादा मिसरूड फुटलेले. एका बैलाला हात लावायला नाही म्हणाले म्हणून चौघांनी धरून त्यांचा डावा हात मोडला. तो कोपर अजून सरळ होत नाही, शर्ट घालताना आधी ती बाही चढवावी लागते. पण मला माहीत आहे, हात मोडल्याचं त्यांना काही नाही. त्यांचं दुखणं दुसरंच. बहिष्कार चालू असताना त्यांचे थोरले भाऊ, वाळूदादा, अंधारात जाऊन एक म्हैस ओढून आले. घरात लहान लेकरं होती, चूल पेटत नव्हती. परत येताना दादांनी त्यांना बघितलं, खांद्यावर दोर होता. त्या दिवसापासून दादा त्या भावाशी बोलले नाहीत. एक शब्द नाही. मी दहावीत असताना वाळूदादा गेले. आई रडली, पाया पडली, म्हणाली, अहो खांदा तरी द्या. दादा वस्तीच्या वेशीपर्यंत गेले, सायकल वळवली आणि परत आले. 'माझा भाऊ कवाच मेला,' म्हणाले आणि चहा मागितला. आईनं चहा ठेवला. ती सांडशी हातात धरून रडत होती ते मला अजून दिसतं. तर असा माणूस. सख्ख्या भावाला खांदा दिला नाही तो नातीला काय सोडणार? नातीशी बोलणं बंद करेल आणि मग तो स्वतःच टिकणार नाही, पावसाळासुद्धा काढणार नाही. हे मला लख्ख कळत होतं. कळत होतं म्हणजे डोक्यात होतं. छातीत काही हलत नव्हतं.

सृष्टीनं एम.एस्सी. केलं, झूलॉजी. नंतर दोन वर्षं घरात. स्पर्धा परीक्षा, क्लास, 'अगं पाहुणे बघायला येऊ देत का' आणि तिचं 'आई, प्लीज' हे सगळं यथासांग झालं. मग ही नोकरी. त्र्यंबकच्या पुढे, पेठच्या अंगाच्या डोंगरात एक संस्था गिधाडं वाचवायचं काम करते, तिथे संशोधन सहायक. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी संध्याकाळी घरी. नोकरी लागली तेव्हा पेढे आणले. दादा पेढा हातात धरून म्हणाले, 'गिधाडं? त्यांची बी नोकरी निघाली का आता?' आणि हसले. मग जेवताना तिनं सगळं समजावून सांगितलं, हात हलवून हलवून, भात गार होईस्तोवर. गिधाडं का संपली. रोगानं नाही, शिकारीनं नाही. सुईनं. गाय लंगडली, ताप आला, की दुखणं थांबायची एक सुई टोचायचे. स्वस्त, गुणकारी. गाय कधी वाचायची, कधी मरायची. मेली की औषध तिच्या मांसात तसंच. ते गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद. मान खाली घालून झाडावर बसून राहतं आणि दोनेक दिवसांत पडतं. एका गाईवर सगळा थवा जेवतो, म्हणजे एका सुईत सगळा थवा. देशभर असंच झालं. शंभरातलं एखादं उरलं. जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तर लोक माणसांची बाटली आणून टोचायला लागले. 'आणि आई, ती वर्षाला एकच अंडं घालते. एकच. कशी भरून निघणार?' हे म्हणताना तिचे डोळे भरले. गिधाडासाठी कुणी रडतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. दादा ताटातलं लिंबू पिळत म्हणाले, 'गेली ते बरं झालं.'

'आजोबा!'

'बरं झालं म्हंतो मी. तू त्यांना बघितलं नाय. आमी बघितलंय. ढोर माळावर टाकलं की ही रांगंनं येऊन बसायची. आमी पोरांनी दगडं मारून हाकलायची. उडायची, परत बसायची. आमचं आटपायची वाट बघत.' इथे ते थांबले. इथेच थांबतात नेहमी. आमचं म्हणजे काय, ते कधी सांगत नाहीत. मग एकदम हसून म्हणाले, 'मागं सातबाऱ्यासाठी गावात गेलो तर धोंडीराम भेटला, बागायतदार. मला म्हंतो, मल्हारी, तुमी ढोरं सोडली अन् गिधाडं गेली बघ, सगळा माळ घाण मारतो. म्हनलं, मग तुमी ओढायची व्हती.' सृष्टी मनापासून हसली. म्हणाली, 'आजोबा, तुमच्यामुळे नाही गेली. सुईमुळे गेली.' दादा म्हणाले, 'मला काय सांगती, त्याला सांग.' त्या रात्री आमच्या घरात किती बरं वाटत होतं. म्हणजे मी आत्ता म्हणते बरं वाटत होतं. तेव्हा मी खरकटी भांडी गोळा करत होते.

गिधाडं मीही पाहिलीत. ओझरला क्वार्टर्सच्या भिंतीपलीकडे बाभळी होत्या, त्यावर बसायची, मान आत ओढून, थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी. विमान चाचणीसाठी उडालं की तीही उडायची, मग वर एकीकडे विमान आणि एकीकडे ती. शाळेच्या पटांगणातून आम्ही बघायचो. ती कधी गेली? मला सांगता येत नाही. माझं बी.कॉम. चाललं होतं, मग टायपिंग, मग लग्न, मग सृष्टी, मग आईचं आजारपण. मध्येच कधीतरी आभाळ रिकामं झालं आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. शेजारचं कुटुंब घर सोडून जातं तरी आपण विचारतो, कुठे गेले हो. एवढे मोठाले पक्षी गेले आणि मी कुणाला विचारलं नाही. शाळेत सुट्टीच्या दिवशी एकटी बसून मी हे आठवत होते आणि मला वाटलं, दोष तरी कुणाला द्यायचा? शेतकऱ्यानं गाईचं दुखणं थांबावं म्हणून सुई दिली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. वाईट हेतू नसताना एवढं सगळं मरतं, म्हणजे कमालच आहे.

सॅकचं मी सृष्टीला दुसऱ्या दिवशी विचारलं. रविवार होता, दादा विहारात वंदनेला गेले होते. ती पोहे खात होती. मी सरळ म्हटलं, 'तू ढोरं ओढतेस?' तिनं चमचा खाली ठेवला. खोटं बोलली नाही, तेवढं बरं. म्हणाली, 'आई, तिथे गिधाडांना खायला घालायची जागा आहे, कुंपण घातलेली. आजूबाजूच्या पाड्यांवर गाय-बैल मेला की फोन येतो. आम्ही मालकाला विचारतो, सुई दिली होती का. नसेल दिली तरच पिकअपमध्ये घालून आणतो. मग गाडीतून उतरवून आत ओढावं लागतं. त्याला मजूर होते, ते टिकत नाहीत. वासानं पळतात. गाडीला ओढायचं यंत्र बसवायची मंजुरी यायचीय. तोपर्यंत कुणीतरी ओढायला पाहिजे ना? लगेच ओढलं नाही तर कुत्री येतात.'

'आणि ते कुणीतरी तू?'

'संतोषदादा असतो, ड्रायव्हर. तो एक बाजू धरतो, मी एक.'

'तुला कुणी सांगितलं?'

'आमचे हेड, योगेश सर, ते म्हणाले, सृष्टी, तुला जमेल.'

'तुलाच कसं म्हणाले?'

'मी तिथे उभी होते म्हणून!' ती चिडली. 'आई, तू प्रत्येक गोष्टीत तेच बघतेस. ते तसे नाहीत. माझ्या ग्रुपमध्ये कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही असलं. ही सायन्सची माणसं आहेत.' मग मोबाइल पुढे केला. व्हिडिओ होता. डोंगराच्या कड्यावरून एक गिधाड उतरतं, पंख इतके रुंद की पडद्यात मावत नाहीत, जमिनीवर येऊन चार पावलं धावतं, थांबतं. मागे तिचा कुजबुजता आवाज, 'आली, आली, आली.' लहानपणी फुगेवाला आला की असंच म्हणायची. मी म्हटलं, 'दादांना कळलं तर?' तिनं मोबाइल उलटा करून ठेवला. वाळूदादांचं तिला माहीत होतं. म्हणाली, 'त्यांना कशाला कळेल?' आणि मी, मी काय केलं? नोकरी सोड म्हणाले का? नाही. मी म्हटलं, कपडे तिकडेच धुऊन आणत जा, सॅक स्कूटीच्या डिकीतच राहू दे, घरात आणू नकोस. घराला आग लागली आणि मी पडदे इस्त्री करत बसले, असला प्रकार.

पण वास काही धुऊन जात नाही. तो केसांत असतो, नखांत असतो, चपलेच्या पट्ट्यात असतो. शनिवार आला की मी संध्याकाळपासून उदबत्त्या लावायला घ्यायची. एक-दोन नाही, जुडगाच. बुद्धमूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या फोटोपुढे, आईच्या फोटोपुढे, शिवाय स्वयंपाकघराच्या खिडकीत. धुरानं ह्यांना खोकला लागला. म्हणाले, 'विशाखा, अगं विहारात तरी एवढ्या लावतात का?' दादा एकदा म्हणाले, 'आज पौर्णिमा हाय का गं?' मी म्हटलं, 'नाही दादा, डास झालेत.' डास! उदबत्तीनं डास जातात असं सांगणारी मी आणि ते ऐकून घेणारे दादा. ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, आणि मग सृष्टीला हाक मारली, ये, कानात थेंब टाक. ती वाकली, त्यांच्या कानाशी तिचे हात, तिची बोटं. मी दारात उभी. दादांनी डोळे मिटून घेतले होते. थेंब पडेपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवलाय असं मला वाटलं, आणि मी मनात म्हटलं, चला, वाचलो.

कशाचं काय. नंतरच्या रविवारी ह्यांची सुट्टी होती, चौघंही जेवायला बसलो होतो. वांग्याचं भरीत केलं होतं. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वर न बघता विचारलं, 'सृष्टी, ढोर तू वडती का गं?'

ह्यांना काहीच माहीत नव्हतं, ते 'काय?' म्हणाले. सृष्टीनं माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे.

'हो, आजोबा.'

'कधी कळलं तुम्हाला?' मी विचारलं. माझा आवाज मलाच सपाट वाटला, फी भरलीत का विचारते तसा.

'पयल्या दिवशी. मशीनजवळ तुझं काय चाललं व्हतं ते मला दिसत नाय का? अन् तो वास मला नाय कळणार? मी वाट बघत व्हतो, कोन सांगतंय का मला.' आता ते उठतील, ताट सरकवतील, असं मला वाटत होतं. माझी बोटं मुंग्यांनी भरून आली. पण दादा उठले नाहीत. तुकडा भरताला लावून त्यांनी तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाले, 'जबरदस्ती हाय का?'

'नाही. मी स्वतःहून ओढते. नाही ओढलं तर गिधाडं उपाशी राहतात. आजोबा, तुमच्या वेळचं वेगळं होतं. हे गावाचं काम नाही. माझं काम आहे, मी निवडलेलं.'

'नोकरीच्या कागदावर लिवलंय का, ढोर वडायचं?'

'नाही.'

'तुझ्याबरोबर कोन कोन हाय?'

'योगेश सर, पायल, आणखी दोघं आहेत.'

'शिकल्याले?'

'हो, माझ्याएवढेच. पायल तर माझ्या मागची.'

'तू वडती तवा ते काय करत्यात?'

सृष्टीनं भाकरीचा तुकडा बोटांत फिरवला. मग म्हणाली, 'ते लपणात असतात. पाल्यानं झाकलेली खोली आहे, तिथून बघतात. फोटो काढतात.'

'कुणी एकदा तरी दोर धरला?'

'पायलला उलटी होते, आजोबा.'

'तुला नाय झाली?'

'झाली. पहिल्यांदा झाली.'

'मग?'

'मग... नाही झाली.'

 ह्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. पायलला उलटी झाली आणि ती लपणात गेली. माझ्या पोरीला उलटी झाली आणि तिनं तोंड धुऊन दोर धरला. एवढं साधं होतं ते, आणि ते तिला आत्ता, आमच्या समोर, भाकरी हातात धरून कळत होतं. कळू नये असं मला फार वाटलं. त्या क्षणाला मला काहीतरी वाटलं, हे मी लिहून ठेवते, कारण नंतर लोक म्हणतील हिला काही वाटतच नाही. दादा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ होता, मी त्यांचा तसला आवाज आईच्या शेवटच्या दिवसांत तेवढा ऐकला होता, 'उद्या जा कामाला. ढोर आलं की दोर खाली ठेव. म्हन, आज माझ्यासंगट तुमच्यातल्या एकानं धरा. भांडू नको, रडू नको. एकानं जरी धरला तर जलमभर वड. मी काय म्हननार नाय. तुझे कपडे मी धुवीन, ह्या मोडक्या हातानं.'

'आणि नाही धरला तर?'

दादांनी मीठ मागितलं.

सोमवारी काही झालं नाही, ढोरच आलं नाही. मंगळवारी मी शाळेत दाखल्यांवर शिक्के मारत होते, मधली सुट्टी व्हायची होती, आणि तिचा फोन आला. ती कधी शाळेच्या वेळेत फोन करत नाही. मी बाहेर जिन्यात गेले. तिच्याकडे वारं होतं, फरफर आवाज.

'आई, गाय अजून गाडीतच आहे.'

'म्हणजे?'

'मी म्हटलं, आज एकानं धरा. पायल रडायला लागली. ते दोघं मोबाइलमध्ये बघत राहिले. योगेश सर म्हणाले, हा काय तमाशा आहे, आजच का, यात कशाला आणतेस ते. मी म्हटलं, मी काहीच आणलं नाही सर, मी फक्त दोर धरा म्हणाले. तर म्हणाले,' ती थांबली, 'म्हणाले, अगं तुला सवय आहे ना.'

जिन्यात सातवीच्या पोरी हसत हसत वर चालल्या होत्या. मी भिंतीला सरकून त्यांना वाट दिली. सवय. मीही हाच शब्द वापरते, चहाची सवय, शिफ्टची सवय. त्या माणसाचा वाईट हेतू नसेलही. मला खात्री आहे की नसेल.

'आई, ऐकतेयस ना? ती आलीत. कड्यावर बसलीत सगळी. यंदाचं पिल्लूही आलंय, पहिल्यांदाच, त्याला अजून नीट उतरता येत नाही. त्यांनी गाय बघितलीय, पण गाडीवर ती उतरत नाहीत, घाबरतात. ऊन वाढलंय. कुंपणाशी कुत्री जमलीत.' वाऱ्यात तिचा आवाज तुटला, परत आला. 'पाच मिनिटांचं काम आहे गं. संतोषदादा तयार आहे. मी ओढू का?'

तिनं मला विचारलं. दादांना नाही, बापाला नाही, मला. मी उदबत्त्या लावणारी बाई. मी त्या कड्याकडे कधी गेले नाही, तरी तो मला दिसला, आणि तिच्या पायाशी पडलेला दोर दिसला. ओढ म्हटलं असतं तर ती ओढणार होती आणि उद्याही ओढणार होती, परवाही, यंत्राची मंजुरी येईपर्यंत, आणि मंजुरी आता कशाला येईल? मग मी म्हटलं, 'घरी ये.'

'पिल्लू आहे गं आई.'

'सृष्टी, घरी ये.'

 तिकडून वारं तेवढं ऐकू येत होतं. मग फोन बंद झाला. मी वर गेले आणि उरलेल्या दाखल्यांवर शिक्के मारले. एकही वाकडा पडला नाही.

ती दिवेलागणीला आली. सामान सगळं घेऊन आली, गादीची वळकटीसुद्धा. आंघोळ केली. जेवायला बसलो तेव्हा हे कामावर होते, आम्ही तिघंच. दादांनी स्वतः उठून तिच्या ताटात भात वाढला, मोडक्या हातानं भांडं कडेला धरून. म्हणाले, 'जेव.' ती जेवायला लागली. थोडं खाल्ल्यावर म्हणाली, 'कुणी नाही धरला, आजोबा.'

'मला ठाऊक व्हतं.'

'मग पाठवलंत कशाला?'

'तुला ठाऊक नव्हतं म्हनून.'

तिनं मान हलवली. रागावली नव्हती. पाणी प्याली. मग सांगितलं, सहज, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं, की दुपारनंतर जेसीबी बोलावला आणि गाय पुरून टाकली. गिधाडं संध्याकाळपर्यंत कड्यावर बसून होती. 'मोठी आधी उडाली, डोंगरापलीकडे. तिकडच्या गावांत कुणी सुई विचारत नाही, आजोबा. तिथे जे मिळेल ते खातील, सुई दिलेलं असलं तरी.' दादा ऐकत होते. 'पिल्लू त्यांच्या मागे गेलं.' मग तिनं त्यांच्याकडे सरळ बघून विचारलं, 'आपल्याला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, दोर का पडून राहिला ते. त्या पिल्लाला काय ठाऊक?'

दादांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आई असती तर तिच्याकडे बघितलं असतं तसं, कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून. मी भाताचं भांडं झाकलं.  त्यांनी घास ताटात परत ठेवला. सृष्टीनं तिचा भात संपवला, ताट उचललं आणि ते घासायला घेतलं.